यादीतला दहावा जिन्नस

सात वर्षांपूर्वीचा चैत्र, दुसरा शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. स्थळ: थोरल्या जावेचं सदाशिव पेठेतलं घर. निमित्त: चैत्रगौरीचं हळदीकुंकू. हजर: थोरली जाऊ, नवऱ्याची आत्या, चुलत जाऊ आणि तिच्या दोन बहिणी, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, थोरल्या जावेच्या भजनी मंडळातल्या चौघी, आणि पुढे तिची विहीण झाली त्या बाई, पहिल्यांदाच घरी आलेल्या. एकूण अकरा. गैरहजर: मी.

मी त्या वेळी जर्मनीत होते. माझा आवाज मात्र तिथे हजर होता आणि तो त्रेपन्न सेकंद चालला.

ही हजेरी मी आठवणीतून लिहिलेली नाही. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर एक फोटो आला होता, त्यावरून केली आहे. फोटोत प्रत्येकीच्या हातात आंब्याच्या डाळीची वाटी आहे आणि अकराही जणी हसताहेत. कशाला हसताहेत ते मला चार दिवसांनी कळलं.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. कुठला सुटा भाग कुठल्या कप्प्यात, किती उरला, कधी मागवायचा, हे माझं काम. आमच्या कंपनीचा जर्मनीत एक कारखाना आहे, एका छोट्या गावात. तिथलं स्टोअर लावून द्यायला मला दीड वर्षासाठी पाठवलं. वय चव्वेचाळीस. नवरा इथे कोथरूडला, मुलगी बंगळूरला शिकायला. जायच्या आधी मी चार पानी यादी केली होती. थर्मलचे कपडे, औषधं, कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती. घरची आठवण येईल हे त्या चार पानांत कुठेही नव्हतं.

ती दुसऱ्या आठवड्यात आली. रविवारी. गावातली सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी खिडकीत उभी राहून शेजारच्या इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग मोजत होते. असं चालायचं नाही हे माझ्या लक्षात आलं. सोमवारी वहीत एक पान उघडलं आणि वर लिहिलं, उपाय.

पहिला उपाय घड्याळाचा. टेबलावरचं गजराचं घड्याळ मी पुण्याच्या वेळेवर लावलं. पुण्यात चार वाजले की तिथे साडेअकरा, तेव्हा आल्याचा चहा. आमच्या गल्लीत त्याच वेळी सगळ्या घरांतून चहाची भांडी वाजत असणार, एवढं मला पुरे व्हायचं. मार्चअखेर त्या लोकांनी आपली घड्याळं एक तास पुढे केली आणि माझा चहा त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन पडला. मी चहा हलवला नाही. जेवणाच्या टेबलावर थर्मास घेऊन बसले.

दुसरा उपाय नवऱ्याने शोधला, त्याला न कळता. तो रविवारी सकाळी उसळ करतो. फोन ओट्यावर कुकरशेजारी उभा करायचा आणि पेपर वाचायला निघून जायचा. मी तिकडे अंधारात उठून भाजी चिरत बसायचे. बोलणं काही नाही. तीन शिट्ट्या झाल्या की तो येऊन गॅस बंद करायचा, म्हणायचा, "झालं, ठेवतो." मी म्हणायचे, "ठेव." आठवडाभर पुरायचं.

तिसरा उपाय मेतकूट. पारदर्शक प्लॅस्टिकचा एक डबा घरून नेला होता. त्यावर बाहेरून नेलपॉलिशने रेघा ओढल्या, रेघ म्हणजे एक आठवडा. शनिवारी दुपारी मऊ भात, वर मीठ, तुपाऐवजी तिथलं लोणी, आणि अर्धा चमचा मेतकूट. सपाट चमचा. भात कालवला की तो वास वर यायचा आणि दहा मिनिटं मी कोथरूडला असायचे. आजारी पडले तर जास्तीचा अर्धा चमचा घ्यायची मुभा मी स्वतःला दिली होती.

आता मेतकुटाचं आमच्या घरात काय आहे ते सांगायला हवं. ते सासूबाई करायच्या. डाळी, धान्यं आणि मसाले वेगवेगळे कोरडे भाजायचे, मग दळायचे, एवढंच ते काम, पण त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही. जाण्याआधी त्यांनी वाटणी केली. मेतकुटाचं प्रमाण थोरल्या सुनेला सांगितलं आणि भाजायची लोखंडी कढई मला दिली. असं का केलं हे त्यांनाच ठाऊक. बहुधा दोघींनी एकमेकींना विचारून करावं म्हणून. आम्ही एकमेकींना कधीही विचारलं नाही. जाऊ तिच्या घरी, तिच्या कढईत मेतकूट करायची आणि वर्षातून दोनदा मला एक डबा द्यायची, देताना म्हणायची, "जपून वापर." मी माझ्या कढईत रवा भाजायचे.

तर जर्मनीत पाचव्या महिन्यात मेतकूट डब्याच्या शेवटच्या रेघेला लागलं. मी वहिनींना, म्हणजे थोरल्या जावेला, यादी पाठवली. दहा जिन्नस. दहावा मेतकूट. त्या म्हणाल्या, पाठवते, काळजी करू नकोस. पार्सल यायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत डबा संपला. मी तो दोन चमचे गरम भात घालून पुसून घेतला होता.

पार्सल आलं त्या दिवशी मला ताप होता. दुसरा दिवस. कारखान्यातून फोन आला होता की विश्रांती घ्या, आणि विश्रांती घ्यायची म्हणजे त्या खिडकीत बसायचं. पोस्टमनने खोकं दारात ठेवलं. मी आधी भात टाकला, मऊ, पाणी जास्त घालून, आणि मग खोकं उघडलं. वहीत दोन रकाने केले, मागितलं आणि आलं. गोडा मसाला आला. आमसुलं आली. लसणाची चटणी आली. थालीपिठाच्या भाजणीच्या जागी ओट्स आले, जे तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने मिळत होते. आणि दहाव्या जिन्नसाच्या जागी टोमॅटो सूपची सहा पाकिटं, त्यावर वहिनींच्या अक्षरात चिठ्ठी: "तिकडे थंडी असते. हे जास्त उपयोगी."

मी खोकं उलटं केलं. वर्तमानपत्राचे बोळे उलगडून पाहिले. भात तयार होता. मग मी वहिनींना फोन केला, त्यांनी उचलला नाही, म्हणून आवाजी निरोप ठेवला. त्यात मी काय बोलले ते मला आजही पाठ आहे. वहिनी, मेतकूट नाहीये. मी सगळं काढून पाहिलं, नाहीये. भात झालाय हो माझा. इथून पुढे शब्द नाहीत, नुसतं रडणं आहे, आणि शेवटी नाक ओढल्याचा आवाज.

वहिनींचं उत्तर आलं, "अगं, पुढच्या खेपेला पाठवते." मी बरी झाले, ओट्स खाल्ले, सूपही प्यायले. वाया घालवण्याचा मला तिटकारा आहे.

चार दिवसांनी आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या, मनाने साध्या, पोटात काही राहत नाही. त्यांनी आधी प्रकृती विचारली, मग त्यांना हसूच आवरेना. म्हणाल्या, "मेतकुटासाठी कुणी एवढं रडतं का गं? आम्ही सगळ्याजणी हसून हसून बेजार." कुठे, कशा, हे मी शांतपणे विचारून घेतलं. वहिनींनी फोन भजनाच्या स्पीकरला जोडला होता. माझं रडणं पुरं झाल्यावर चुलत जावेने पुन्हा लावायला सांगितलं होतं. वहिनींनी पुन्हा लावलं.

त्या रात्री मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि त्यावर फोटोतल्या अकरा जणींची हजेरी लिहिली. वरची ती हीच.

परत आले तेव्हा घरात माझं नाव बदललं होतं. चुलत जाऊ मला मेतकूट म्हणू लागली होती आणि बाकीच्यांना ते आवडलं होतं. पंगतीत माझ्या पानाशी वाढणारी थांबायची: हिला आधी मेतकूट वाढा, नाहीतर रडेल. माझ्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला वहिनींनी रंगीत कागदात बांधून मेतकुटाचा डबा दिला आणि सगळ्यांसमोर उघडायला लावला. मी दर वेळी हसले. दर वेळी घरी येऊन शेवटच्या पानावर एक ओळ वाढवली: कुठे, कोण, काय म्हणालं. वहिनींच्या मुलाच्या लग्नात त्यांच्या विहीणबाईंनी आपल्या माहेरच्या माणसांशी माझी ओळख करून दिली, "या त्या मेतकूटवाल्या." मी त्या दिवशी पैठणी नेसले होते, पंचवीस वर्षांची नोकरी माझ्या मागे होती, एका देशातलं अख्खं स्टोअर मी लावून आले होते. त्या माणसांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं हसू आणलं. म्हणजे गोष्ट त्यांच्यापर्यंतही पोचली होती. ती एकोणिसावी ओळ.

नवरा म्हणायचा, विसर आता. त्याच्या वाट्याला असं कधी आलेलं नाही. तो मुलीच्या बारशाला रडला होता, पण ते कुणी स्पीकरवर लावलं नाही.

गेल्या डिसेंबरात वहिनी कॅनडाला गेल्या, मुलाकडे, नातवंडासाठी, सहा महिने. जाताना चैत्रगौरीची मूर्ती माझ्याकडे आणून दिली. "या वर्षी तू बसव," म्हणाल्या, "डाळ जास्त आंबट करू नकोस." मी मूर्ती घेतली आणि बरं म्हटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा आवाजी निरोप आला. एक मिनिट दहा सेकंद.

मी ऑफिसात होते. रॅकच्या आडोशाला जाऊन ऐकला. वहिनी सांगत होत्या की फोडणी दिली की छताला लावलेला धुराचा भोंगा वाजतो, बाळ दचकतं, म्हणून सूनबाईने फोडणीच बंद केली आहे. सूनबाई चांगली आहे, पण दिवसभर दार लावून काम करते. बाहेर बर्फ, पाय घसरतो म्हणून एकटीने जायचं नाही. दुपारी बाळ झोपलं की मी साडी नेसून बसते गं, उगाच. मग आवाज फुटला. पुढचे वीस सेकंद नुसते हुंदके, आणि अगदी शेवटी नाक ओढल्याचा आवाज.

पहिल्यांदा मी तो उभ्याने ऐकला. दुसऱ्यांदा बसून. तिसऱ्यांदा माझ्या हातात पेन होतं.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं नाही. भोंग्याचं, बर्फाचं, दुपारच्या साडीचं, सगळं मला नेमकं कळत होतं. मी तो खिडकीतला रविवार दीड वर्ष काढला होता. कळत होतं म्हणूनच आनंद झाला. सात वर्षं मी ज्या खोलीत एकटी बसले होते तिथे त्या आता येऊन बसल्या होत्या, आणि दाराची कडी माझ्या हातात होती.

संध्याकाळी त्यांची यादी आली. काय काय पाठवशील म्हणून. जिन्नस मी मोजले. नऊ पुरे लिहिलेले, भाजणी, गोडा मसाला, हिंग वगैरे. दहाव्या ओळीत लिहिलं होतं, "आणि ते थोडं."

मी फोन लावला. पहिल्या नऊ जिन्नसांची वजनं एकेक करून विचारून घेतली. मग म्हटलं, "दहावं कळलं नाही वहिनी. ते म्हणजे काय?"

"तेच गं."

"नीट सांगा. मी लिहून घेतेय."

पलीकडे बाळ कुरकुरल्याचा आवाज आला. मी थांबले. मला घाई नव्हती.

"मेतकूट," त्या म्हणाल्या.

"किती?"

"एक डबा."

"दुकानातून घेऊ?"

"दुकानातलं कशाला. पीठ असतं नुसतं."

"मग कोण करणार? मला प्रमाण माहीत नाही," मी म्हटलं. "सांगता का?"

त्या म्हणाल्या, ते असं फोनवर कसं सांगायचं. मी म्हटलं, बरं, मग राहू दे, नऊच पाठवते. त्यांनी फोन ठेवला.

यानंतर मी हळदीकुंकवाची तयारी केली. चैत्रातला दुसराच शुक्रवार धरला. वेळ साडेपाच. बोलावण्याची यादी करायला मला वेळ लागला नाही, ती शेवटच्या पानावर तयार होती. समोरच्या काकू आता नाहीत. भजनी मंडळातल्या एक बाई मुलाकडे धायरीला राहायला गेल्यात, त्यांना मी दोनदा फोन करून रिक्षाने यायला लावलं. विहीणबाईंना स्वतः जाऊन अक्षता दिल्या. कामांच्या यादीत कैऱ्या, हरभरे भिजवणं, पन्हं, मोगरा, आणि सहाव्या क्रमांकावर स्पीकर चार्ज करणं.

हे वाचून कुणाला मी कोत्या मनाची वाटेन. मी तेव्हा तसा विचार केला नाही. मला फक्त हिशेबी बरोबरी हवी होती: त्याच बायका, तोच महिना, तेवढाच मोठा आवाज.

एक गोष्ट मात्र माझ्या यादीत नव्हती. गौर बसवून झाली, बायका जमल्या, आणि चुलत जावेने आपल्या फोनवर वहिनींना बोलावून फोन गौरीशेजारच्या तांब्याला टेकवून उभा केला. "मूर्ती त्यांची, त्या नकोत का?" म्हणाली. कॅनडात सकाळचे आठ वाजले होते. वहिनी हिरवी रेशमी साडी, नथ, मोत्यांचा तन्मणी, सगळं घालून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. मागची खिडकी पांढरी होती. म्हणजे त्या पहाटे सहापासून तयार होत बसल्या असणार.

मी आतून स्पीकर आणला आणि त्या फोनच्या बरोबर समोरच्या टेबलावर ठेवला. सुरू केला. हिरवा दिवा लागला. वहिनींनी तो पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आमच्या दोघींत त्या क्षणी सगळं बोलून झालं.

भजनातल्या बाईंनी विचारलं, "स्पीकर कशाला? गाणं लावतेस का?" मी म्हटलं, "लावणार आहे. आधी डाळ घ्या."

मी डाळ वाढली. पन्हं दिलं. ओट्या भरल्या. मध्ये मध्ये जाऊन माझा फोन हातात घ्यायचे, आवाज किती आहे पाहायचे, पुन्हा ठेवायचे. वहिनी कुणाच्या बोलण्यावर हसायच्या आणि हसू संपायच्या आत नजर टेबलाकडे जायची. त्यांनी एकदा पदर सारखा केला, एकदा नथ. पाऊण तास असा गेला. त्या पाऊण तासाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. माझ्या गेल्या सात वर्षांतला तो फार सुरेख पाऊण तास होता.

मग चुलत जाऊ वाटी पुढे करून म्हणाली, "काय मेतकूट, डाळ झकास झालीय हं. रडू नकोस, मी आणखी घेतेय." सगळ्या हसल्या. विहीणबाई सर्वांत जास्त.

मी माझा फोन उचलला. निरोप उघडला. बोट ठेवायचं बाकी होतं.

"अगं, ऐका गं जरा सगळ्या," तांब्याशेजारून आवाज आला.

बायका तांब्याकडे वळल्या. वहिनींनी फोन स्वतःजवळ ओढला असावा, पडदाभर त्यांचा चेहरा झाला.

"तिला काही म्हणू नका," त्या म्हणाल्या. "मी गेल्या महिन्यात तिला निरोप पाठवून भोकाड पसरलंय. मेतकुटासाठीच. तुमची शपथ."

मग आत्या हसल्या आणि त्यांच्यामागून सगळ्या. वहिनीही हसल्या. पण हे हसणं वेगळं होतं. आत्यांनी हसता हसता डोळे पुसले. विहीणबाई म्हणाल्या, "किती एकटं वाटत असेल हो तुम्हाला." आणि आपल्या लेकीला आज फोन करते, सासूकडे लक्ष का नाही विचारते, म्हणाल्या. भजनातल्या बाईंनी पडद्यावरून हात फिरवला. धायरीच्या बाई रिक्षाची वेळ झाली तरी उठेनात. वहिनींनी मग भोंग्याची गोष्ट सांगितली, बाळ कसं दचकतं त्याची नक्कल केली, आणि सगळं हळदीकुंकू पुढचा अर्धा तास त्या फोनभोवती गोळा होऊन बसलं.

मी स्पीकरचा दिवा बंद केला आणि वाट्या उचलायला लागले.

माझं रडणं त्यांनी ऐकवलं तेव्हा मी हास्यास्पद झाले. त्यांचं रडणं त्यांनी स्वतः सांगितलं आणि त्या थोर झाल्या. मी सात वर्षं जपलेलं त्यांनी दोन वाक्यांत खर्चून टाकलं, आणि तेही माझ्याच घरात, माझीच डाळ खाणाऱ्या बायकांसमोर. त्या रात्री शेवटच्या पानावर काय लिहावं मला सुचलं नाही. तारीख लिहिली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी घेतला.

"स्पीकर कशाला ठेवला होतास?"

"भजनासाठी."

"भजन झालं नाही."

"नाही झालं."

मग त्या म्हणाल्या, "वही घे."

त्यांनी प्रमाण सांगितलं. हरभरा डाळ चार वाट्या, उडीद डाळ दोन, तांदूळ एक, गहू एक. मग मोहरी, जिरे, धणे, मेथी, मग सुंठ, हळद, हिंग. अकरा जिन्नस. मेथीचा चमचा सपाट, शीग लावायची नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी भाजायची, डाळ शेवटी, आणि डाळीपासून हलायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी मेतकुटाबद्दल बोलत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "कढई आहे ना ती? जाड?"

"आहे."

"तिच्यातच भाज. पातळ भांड्यात खालून लागतं." मग आवाज खाली आला. "त्या वेळचं माझं करपलं होतं."

"कुठल्या वेळचं?"

"तुला पाठवायचं होतं ते. माझी कढई कुणीतरी नेली होती, मी चपातीच्या तव्यावर भाजायला गेले. सगळी डाळ काळी."

"माझी मागायची. घर उघडं होतं, तुमचे दीर घरातच होते."

"तुझी कशी मागणार?"

"मग करपलं म्हणून कळवायचं."

"करपलं?" त्या म्हणाल्या. "मी?"

मी म्हटलं, काल तर सगळ्यांसमोर रडल्याचं सांगितलंत.

"रडणं वेगळं," वहिनी म्हणाल्या. "हे कुणाला बोलू नकोस हं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाळ उठलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. म्हणजे अकरा बायकांसमोर मला दोनदा रडायला लावलं ते एका करपलेल्या डाळीवर झाकण म्हणून. मेतकूट का नाही पाठवलं असं कुणी विचारू नये, त्याआधी सगळ्यांनी माझ्यावर हसून घ्यावं. इतकं साधं कारण. काही मोठं वैर असतं तर मला चाललं असतं, वैराला निदान माझी किंमत तरी असती. आणि आता तेच गुपित माझ्या हातात आहे. रडण्याचा निरोप फुकट गेला, पण ही बातमी चुलत जावेला सांगायला मला एक फोन पुरेल. वहिनींच्या हातचं मेतकूट म्हणून जे नाव या घरात वीस वर्षं चाललं आहे, ते संध्याकाळपर्यंत संपेल. तो फोन मी केलेला नाही. केव्हाही करू शकते, हे मात्र रोज सकाळी उठल्यावर आठवतं आणि चहा गोड लागतो.

आज रविवार. खोकं जेवणाच्या टेबलावर उघडं आहे. कुरिअरचा माणूस उद्या दहाला येतो. नऊ जिन्नस भरून झाले, नऊ खुणा केल्या. भाजणीच्या जागी मी भाजणीच ठेवली आहे, ओट्स नाही, हे नोंदवून ठेवते. डाव्या कोपऱ्यात एका डब्याएवढी जागा रिकामी आहे.

ओट्यावर अकरा वाट्या मोजून मांडल्या आहेत. गॅसवर कढई आहे, सासूबाईंची, घासून पुसून. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टोमॅटो सूपची सहा पाकिटं आहेत, काल आणली, त्याच जातीची. सोबतची चिठ्ठीही मी लिहून ठेवली आहे. तिकडे थंडी असते. हे जास्त उपयोगी.

नवरा पाणी प्यायला आत आला. वाट्या पाहिल्या, पाकिटं पाहिली, चिठ्ठी वाचली.

"दोन्ही ठेव," म्हणाला.

"जागा एकाचीच आहे," मी म्हटलं.

त्याने पेपर उचलला आणि बाहेर गेला. वही माझ्यासमोर उघडी आहे. दहाव्या ओळीपुढे खूण नाही. गॅस अजून पेटवलेला नाही, डाळ भाजायची राहिली आहे.